भिंतीकडचा वाफा

मुकादमांना जाग आली की सगळ्या गल्लीला जाग यायची. आधी खाकरणं. ते पोटाच्या तळापासून निघायचं, छातीत अडायचं, घशात घोळायचं, आणि आता हा माणूस काही वाचत नाही असं ऐकणाऱ्याला वाटायला लागलं की एकदाचं बाहेर पडायचं. मग चुळा. तांब्या रिकामा होईपर्यंत चुळा. प्रत्येक चूळ गालांत खळखळवायची, मान मागे टाकून घशात गुरगुरवायची आणि मग लांब फेकायची. हा सगळा सोहळा परसात, मागच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, उकिडवं बसून चालायचा. संध्याकाळी तंबाखू थुंकून झाली की पुन्हा एकदा.

घरात मोरी होती. पण मोरीत थुंकलं की मोरी तुंबते असं मुकादमांचं म्हणणं होतं, आणि वीटभट्टीवर तीस वर्षं माणसं हाकलेल्या माणसाच्या म्हणण्यापुढे घरात कोण बोलणार?

त्यांची सून त्या वेळी चहाचं आधण ठेवून गॅसपाशी उभी असायची. कान मिटता येत नाहीत म्हणून ती श्वास धरून उभी राहायची. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, पण तो आवाज काही तिच्या अंगवळणी पडला नव्हता. उलट दर वर्षी किळस वाढतच होती. सासऱ्यांनी तिला नाव ठेवलं होतं नाकवाली. जरा कुठे वास आला की हिचं नाक वर, म्हणून नाकवाली. ते नाव आधी घरात, मग गल्लीत आणि शेवटी किराणावाल्याच्या तोंडी गेलं. आता तिचं खरं नाव बहुधा रेशनकार्डावरच उरलं होतं.

सासू होती तोवर कोपऱ्याची भानगड नव्हती. मुकादमांच्या खाटेखाली पत्र्याचा एक डबा असायचा. त्यात ते दिवसभर थुंकायचे आणि सासू तो दोन वेळा उचलून लांब नेऊन ओतायची, धुवायची, तळाला राख घालून परत ठेवायची. सासू गेली त्याच्या पाचव्या दिवशी मुकादमांनी डब्याकडे बोट करून म्हटलं, "सूनबाई, भरलाय."

आणि ती म्हणाली, "मी नाही उचलणार."

आठ वर्षांत ती सासऱ्यांना उलट बोलली ती तेवढीच. मुकादमांनी डबा स्वतः उचलला, परसात नेला, कोपऱ्यात उपडा केला आणि त्या दिवसापासून तिथेच बसायला लागले. डबा मात्र फेकला नाही. तो भिंतीवर ठेवला, तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा.

नवरा हे सगळं बघायचा. तो दुधाचा टेम्पो चालवायचा. पहाटे जायचा, दुपारी यायचा, जेवायचा, झोपायचा. बाप चुळा भरायचा आणि मुलगा मिठाची गुळणी धरून बसायचा, असं त्या घराचं चाललं होतं. तिने विषय काढलाच तर तो म्हणायचा, "अगं, म्हातारा माणूस आहे. किती दिवसांचे राहिलेत?" मुकादमांना बहात्तरावं लागलं होतं आणि त्यांचा एक दातही हलत नव्हता.

तरी त्या वर्षी नवऱ्यानेच बातमी आणली. टेम्पो ज्या मुलींच्या वसतिगृहाला दूध घालायचा, तिथल्या माळीकाकांचे डोळे अधू झाले होते. अडीच महिन्यांनी ते काम सोडणार होते. वसतिगृहाच्या मॅडमना त्यांच्या जागी भाजीपाला पिकवणारं माणूस हवं होतं, आणि कामाबरोबर खोली मिळत होती.

"कसली खोली?" तिने विचारलं.

"स्वयंपाकघरामागे. एकच आहे. पण आत नळ आहे. न्हाणीघर वेगळं. मी बघून आलोय."

"दोघांना चालेल?"

"दोघांनाच चालेल," नवरा म्हणाला, आणि बोलून गेल्यावर दाराकडे बघितलं. मुकादमांकडे त्यांची धाकटी लेक येऊन राहायला तयार होती, तिच्या नवऱ्याला शहराजवळ घर हवंच होतं. अडत काहीच नव्हतं. नाकवालीने त्या दिवशी भांडी घासता घासता तीच तीच कढई तीनदा घासली. दाराला आतून कडी असलेली खोली तिला दिसायला लागली. सकाळी उठावं आणि नुसतं शांत असावं. बस, एवढंच तिला हवं होतं.

माळीकाकांनी तिला बोलावून घेतलं. चष्म्याच्या जाड भिंगातून तिच्या तळहातांकडे बघितलं, कारण चेहऱ्यापेक्षा त्यांना हातच जवळ होते. तिचे वडील रोपवाटिकेत होते हे ऐकून त्यांनी मान हलवली. मग मूठभर पालकाचं बी कागदात बांधून दिलं.

"मॅडम बोलण्यावर माणूस घेत नाहीत, पोरी. घरी वाफा करून दाखव. दोन महिन्यांनी मी त्यांना घेऊन येतो. बी घाईने टाकू नकोस मात्र. गारवा पडू दे."

पण गारवा पडायचं नाव घेईना. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले तरी ऊन कसं तापलेलं, पत्र्याला हात लावावा तर चटका. दोन महिन्यांतले आठ दिवस असेच गेले. नाकवालीचा जीव वरखाली व्हायला लागला. तिने परसाच्या मधोमध, भिंतीच्या कोपऱ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन जमीन खणली. ढेकळं हाताने फोडली. शेणखत चाळून घातलं. दोन लांब वाफे केले, त्यांच्या कडा पायाने दाबून सरळ केल्या. बी सुपात घेऊन पाखडलं. जे जड, टपोरं होतं ते वाफ्यात ओळीने टाकलं, मातीने झाकलं. फोल, तुटकं, भुशासारखं जे सुपाच्या तोंडाशी आलं ते उभ्या उभ्या भिंतीकडे भिरकावून दिलं. त्या कोपऱ्याकडे ती नाहीतरी कचरा फेकण्यापुरतीच बघायची.

आठ दिवस तिने वाफ्यांना झारीने पाणी घातलं. पाणी घालून पाठ वळते न वळते तोच वरची माती पांढरी पडायची. नवव्या दिवशी तिने बोटाने माती उकरली. बी होतं तसंच होतं. दोन-चार मऊ पडलेले दाणे बोटात धरले तर पचकन फुटले आणि आंबूस वास आला. बाराव्या दिवशी वाफे उघडे बोडकेच.

आणि तेराव्या दिवशी केर टाकायला गेली तेव्हा भिंतीकडच्या कोपऱ्यात तिला हिरवं दिसलं.

लांबट, चिंचोळी, जोडीजोडीने उभी राहिलेली पानं. पालकच. तिने फेकलेलं फोल बी दाटीवाटीने उगवून आलं होतं. दिवसभर भिंतीची सावली आणि दोन्ही वेळा तांब्याभर पाणी. एका रोपाच्या दोन पानांमध्ये पिवळट, दाट असं काहीतरी लोंबत होतं आणि त्यावर माशी बसली होती. नाकवाली तोंडाला पदर लावून घरात पळाली.

ती तशीच माळीकाकांकडे गेली.

"मी म्हटलं होतं ना, घाई करू नकोस," काका म्हणाले. "या बियाला ऊन सोसत नाही. माती तापलेली असली की आतल्या आत झोपून राहतं, नाहीतर कुजतं. कुठेच नाही उगवलं?"

"एका कोपऱ्यात उगवलंय. भिंतीच्या सावलीत."

"मग झालं तर. ती जागा गार आहे. हे शेवटचं बी माझ्याकडे उरलंय, एवढंच. रात्रभर भिजव, ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी ठेव, कोंब दिसला की तिथेच टाक. वर गोणपाट घाल. महिन्यात काढायला येईल."

"तिथे नको, काका."

"का?"

तिला सांगता येईना. घरातली घाण अशी लोकांपुढे कशी मांडायची? सासरा थुंकतो हे सांगावं, तर ऐकणारा आधी सुनेकडेच बघतो. "तिथे जागा कमी आहे," ती म्हणाली.

"असेल तेवढी पुरे. मॅडमना पान बघायचंय, शेत नाही."

संध्याकाळी मुकादम तांब्या घेऊन परसात निघाले तेव्हा ती वाटेत उभी राहिली. पदर सावरला, नजर जमिनीवर ठेवली.

"मामंजी, महिनाभर तोंड मोरीत धुवाल का? मला कोपऱ्यात बी टाकायचंय."

मुकादमांनी तिच्याकडे नीट बघितलं. मागणारा माणूस समोर उभा राहिला की त्यांना भट्टीवरचे दिवस आठवायचे.

"मोरी तुंबते," ते म्हणाले.

"मी साफ करीन."

"मोरी साफ करशील, मग डबाच उचल की. डबा उचलत असशील तर मी कोपऱ्याकडे फिरकणारसुद्धा नाही. आहे कबूल?"

तिने हो म्हटलं. खोलीसाठी तिने तेही म्हटलं. डबा भिंतीवरून खाली आला, धुतला गेला, तळाला राख पडली आणि खाटेखाली गेला. मुकादम त्या रात्री मन लावून थुंकले. एरवी जेवल्याबरोबर घोरणारा माणूस त्या रात्री उशिरापर्यंत झोपलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा उचलला. कडेला बोटं लावली तर कडही चिकट. चार पावलं गेली. आतलं हललं. राखेवर साय धरल्यासारखं झालं होतं आणि त्यात तंबाखूचे काळे धागे फिरत होते. उंबऱ्यापाशी डबा तिच्या हातातून सुटला आणि ती तिथेच ओकली. डब्यातलं आणि तिच्या पोटातलं एकत्र होऊन उंबऱ्यावरून वाहायला लागलं.

मुकादम खाटेवर बसून हसले. मोठ्याने नाही, खांद्यांनी. "झेपत नाही तर बोलावं कशाला माणसाने," ते म्हणाले, आणि तांब्या घेऊन परसात गेले.

दुपारी नवरा आला. तोवर तिने उंबरा सोड्याने घासून घासून पांढरा केला होता.

"तुम्ही उचला डबा," ती म्हणाली. "महिनाभर. आपल्या दोघांसाठीच आहे ना?"

"मी?" नवऱ्याने घास थांबवला. "अगं, बाप्या माणूस डबा घेऊन निघाला तर लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का डबा उचलायला?"

"हे बघ, तिथे उगवतंय ना? उगवू दे. पाणीच तर आहे शेवटी. धुऊन टाकलं की संपलं." आणि त्याने भात कालवला. त्याच्या बोटांकडे बघता बघता तिला त्याचीसुद्धा शिसारी आली. आजवर ती फक्त त्याच्या बापाची यायची.

कोंब फुटलेलं बी तिने कोपऱ्यात टाकलं. पाऊण हात रुंद, चार हात लांब वाफा. माती खणताना खालून काय काय वर आलं ते सांगायला नको. तिने हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, पण बी टाकताना पिशवीतून दाणा चिमटीत येईना, तेव्हा त्याही काढाव्या लागल्या. वर ओलं गोणपाट घातलं. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललं तर खाली हिरवी रांग.

त्यानंतरचा महिना तिने दिवस मोजत काढला. सकाळी मुकादमांचं आटोपलं की ती झारी घेऊन जायची आणि पानांवरून पाणी सोडायची. जे पाण्याने जायचं नाही ते काडीने काढायची. दाट रोपं विरळली, तण उपटलं, पानाखालच्या अळ्या चिमटीत धरून चिरडल्या. अळ्यांचं तिला काही वाटायचं नाही. अळी बिचारी पान खाते आणि आपली हिरवं हगते, तिच्यात लबाडी नाही. मुकादम मात्र आता नेम धरायला लागले होते. आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण तिला कळत होतं.

आणि पालक असा माजला की बघत राहावं. तळहाताएवढी पानं, जाड, काळपट हिरवी, देठ कोवळे. मधल्या वाफ्यांत थंडी पडल्यावर इकडे तिकडे उगवलेली चार रोपं त्याच्यापुढे आजारी दिसत होती. तिला त्या पानांचा अभिमान वाटायचा आणि पुढच्याच क्षणी अभिमान वाटला म्हणून स्वतःची किळस यायची.

मॅडम यायच्या त्या दिवशी तिने सासऱ्यांसमोर हात जोडले. "मामंजी, आजच्या दिवस तेवढं."

"पाहुणी येणार म्हणून मी तोंड धुवायचं नाही होय?" ते म्हणाले, आणि नेहमीपेक्षा सावकाश, तांब्यावर तांब्या घेऊन धुतलं. तिने झारी आणायला वळायचं आणि दारात रिक्षा थांबायची, एकच गाठ पडली. मॅडम तासभर आधी आल्या होत्या. बरोबर माळीकाका. मागून नवराही टेम्पो घेऊन आला.

मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालायला भराभर. कोणी वाट दाखवायच्या आत त्या परसात पोचल्या. मधल्या वाफ्यांकडे त्यांनी बघितलंच नाही, सरळ भिंतीकडे गेल्या.

"अरे वा. हे तू केलंस?"

"हो, मॅडम."

"पानांवर पाणी कसं ताजं आहे. रोज घालतेस?"

"ते मी घालतो," मुकादम खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. एक दिवस खाडा नाही. बी तिचं, पाणी माझं." एका अक्षराने ते खोटं बोलले नाहीत.

"घरातली सगळी माणसं अशी हौशी पाहिजेत," मॅडम माळीकाकांना म्हणाल्या. काकांनी कौतुकाने मान हलवली.

मॅडम वाकल्या. कडेचं एक मोठं पान त्यांनी खुडलं. त्या पानाच्या देठापाशी काय होतं ते नाकवालीला चार पावलांवरून दिसत होतं. मॅडमना जवळचा चष्मा नव्हता. त्यांनी पान अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि अर्धं तोंडात घातलं.

नाकवालीचे ओठ उघडले. मॅडम, थांबा. एवढे दोनच शब्द होते. ते जिभेवर आलेसुद्धा. मग तिला आतून कडी असलेली ती खोली दिसली, आणि तिने ओठ मिटले.

"गोड आहे," मॅडम चावता चावता म्हणाल्या. "काका, हा पाला शिजवायचा नाही. डॉक्टर केव्हाचे सांगताहेत, मुलींना ताटात काहीतरी कच्चं हिरवं द्या. साठ मुली आहेत माझ्या. आज जेवायलाच वाढू या. टोपलीभर काढून दे गं. टेम्पो तिकडेच येतोय ना?"

"मी धुऊन देते, मॅडम," ती म्हणाली. आवाज कुठून आला कोण जाणे. "दोन-तीन पाण्यांतून काढते."

"नको, नको. धुतलेला पाला वाटेत मऊ पडतो. आमच्याकडच्या मावशी घेतील पाण्यातून काढून. स्वच्छच दिसतोय की." मग त्या पंच्याएवढ्या वाफ्याकडे पुन्हा एकदा बघून म्हणाल्या, "एक तारखेपासून ये. खोली उघडून ठेवते. तोवर दर तिसऱ्या दिवशी अशी टोपली पाठव. एक टोपली चुकली तर मात्र मला दुसरं माणूस बघावं लागेल, मुलींचं पान रिकामं ठेवता येत नाही."

ती विळा घेऊन वाफ्यात बसली. सगळे बघत होते. मुठीत धरायचं, बुडाच्या वर दोन बोटं ठेवून कापायचं, म्हणजे पुन्हा फुटतं. जिथे जिथे बोटांना बुळबुळीत लागलं तिथे तिथे तिने पान लुगड्याला पुसलं, पण सगळीच कशी पुसणार? टोपली भरली. मॅडमनी एक पान तिच्यापुढे धरलं.

"स्वतःची भाजी खाऊन बघितलीस का?"

मुकादम चौकट धरून दारात उभे होते. तिने पान घेतलं, तोंडात घातलं, चावलं, गिळलं. खरंच गोड होतं.

रिक्षा गेली. नवऱ्याने टोपली दुधाच्या दोन कॅनांच्या मधे नीट बसवली, वर ओलं फडकं टाकलं. मग टेम्पोला टेकून तो कितीतरी वर्षांनी तिच्याकडे बघून मोकळा हसला.

"मला वाटलं, तू आता बोलतेस की काय," तो म्हणाला. "बरं केलंस. बोलली नाहीस."

त्याने पाठीवर हात ठेवला. आठ वर्षं ती या माणसाच्या गप्प बसण्यावर थुंकत आली होती, आणि आज तो तिला आपल्यातलीच एक समजून थोपटत होता. चुकीचं समजत नव्हता. तिला ओकारी यायला हवी होती. ती आली नाही, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी वसतिगृहातून निरोप आला. मुलींनी पुन्हा मागून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मुकादम उठले. खाकरले. परसात जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. आठ वर्षांत त्यांनी तिला काम सांगितलं होतं, कधी काही विचारलं नव्हतं.

"आवडली का गं मुलींना?"

"आवडली."

"किती जणी म्हणाल्या त्या?"

"साठ."

"साठ," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं, लहान मुलासारखं हसू आलं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच ओंगळ होतं. "साठ म्हणजे पुष्कळ झाल्या. तांब्याने काय होणार?"

नाकवालीने गॅस बारीक केला. हंड्यातून कळशी भरली, कंबरेवर घेतली, कोपऱ्यात नेऊन त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली. कापलेल्या बुडख्यांच्या पोटातली कोवळी पानं डोकं वर काढत होती.

"जरा मधे बसा, मामंजी," ती म्हणाली. "दोन्ही टोकांना पोचायला हवं."